खोली ऊबदार, भिंत गारठलेली

लंडन, लीड्स किंवा मँचेस्टरमधल्या एखाद्या जुन्या गल्लीत उभे राहा आणि घरांच्या विटा नीट बघा. एक वीट लांब, शेजारची आखूड, पुन्हा एक लांब. गंमत अशी, की ती आखूड वीट आखूड नसतेच! ती भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार गेलेली असते आणि आपल्याला दिसतं ते फक्त तिचं टोक. म्हणजे भिंत एका विटेच्या लांबीइतकी, नऊ इंच जाड, आणि मध्ये पोकळी नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात अशी लाखो घरं उभी राहिली. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनला १० किंग हेन्रीज रोडवर राहिले, ते घरही त्याच काळातलं.

हिवाळ्यात ही घरं गारठतात. बाहेरून काही चिकटवावं तर विटांचं देखणं रूप झाकलं जातं. मग आतून उष्णतारोधक अस्तर लावायचं. सोपं वाटतं ना? इथेच भिंत आपल्याला चकवते.

समजा, बाहेर ० अंश आहे आणि खोलीत २०. उघड्या भिंतीचा आतला पृष्ठभाग साधारण साडेचौदा अंशांवर असतो. आता त्यावर लाकडाच्या तंतूंचा ६० मिलिमीटर जाडीचा बोर्ड लावा. उष्णतेची गळती थेट चौथ्या हिश्श्यावर येते! पण बोर्डामागच्या विटेला किती अंश मिळतात? जेमतेम साडेतीन. खोलीला ऊब मिळाली ती भिंतीच्या वाट्याची ऊब तोडून. आणि पावसाने भिजलेली भिंत आजवर वाळत होती, ती त्याच उबेवर.

आता हवेकडे वळू. २० अंशांची हवा दर घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम बाष्प सांभाळते, ० अंशांची ५ ग्रॅमसुद्धा नाही. चारजणांच्या घरात श्वास, स्वयंपाक, आंघोळ आणि वाळत घातलेले कपडे मिळून रोज दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. २० अंशांच्या खोलीत ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. साडेचौदाची भिंत वाचत होती. साडेतीनची कशी वाचेल? शिवाय बुरशीला पाण्याचे थेंबही लागत नाहीत, पृष्ठभागालगतची हवा ८० टक्के दमट असली की तिचं भागतं.

मग मध्ये प्लास्टिकचा कागद घालून बाष्प अडवलं तर? कागदावर हा उपाय बिनतोड आहे. पण एक खिळा ठोकला, विजेच्या बोर्डासाठी एक भोक पाडलं, की तिथून दमट हवा आत शिरते. त्यात पाऊस बाहेरून येतोच. भिजलेल्या विटांवर ऊन पडलं की बाष्प खोलीच्या दिशेने निघतं, प्लास्टिकला धडकतं आणि तिथेच कोंडतं.

खरं नवल पुढेच आहे. कॅल्शियम सिलिकेटचे किंवा लाकडाच्या तंतूंचे बोर्ड पाण्याला अडवत नाहीत, ते त्याला परत आणतात! बाष्प खोलीतून थंड विटेकडे जातं आणि तिथे त्याचं पाणी होतं. समईच्या वातीतून तेल चढावं, तसं ते पाणी बोर्डातल्या सूक्ष्म छिद्रांमधून ओल्या बाजूकडून कोरड्या बाजूकडे, म्हणजे पुन्हा खोलीकडे सरकतं आणि उडून जातं. एकाच बोर्डात, एकाच क्षणी, बाष्प बाहेरच्या दिशेने आणि पाणी आतल्या दिशेने! ना पंप, ना वीज.

मात्र बोर्ड आणि वीट यांच्यात फट राहिली, तर ही वाट तुटते. म्हणून कारागीर जुना वॉलपेपर आणि जिप्समचा गिलावा खरवडून काढतो, चुन्याचा किंवा मातीचा सलग थर देतो आणि बोर्ड त्यात दाबून बसवतो. मग बोटांनी ठोकून बघतो. पोकळ आवाज आला, की बोर्ड पुन्हा काढायचा. वरून रंगही श्वास घेणाराच हवा. प्लास्टिक इमल्शनचा एक हात दिला, की सगळी मेहनत वाया.

जाडीचा मोहही आवरायला हवा. पहिल्या ६० मिलिमीटरमध्ये तीन चतुर्थांश गळती थांबते. उरलेली निम्मी करायला आणखी ८० मिलिमीटर लागतात, आणि वीट आणखी गार पडते ती वेगळीच. मला विचाराल तर ६० वर थांबावं.

सगळ्यात जपायचं ते भिंतीत रुतलेल्या लाकडी तुळयांच्या टोकांना. अस्तर लागल्यावर ती गार पडतात आणि लाकडातली ओल २० टक्क्यांवर रेंगाळली, की कुज धरण्याचा धोका सुरू होतो.

तुमच्या घरचं कुणी ब्रिटनमध्ये अशा घरात राहत असेल, तर त्यांना सांगा, बोर्ड आणण्याआधी बाहेर चक्कर मारा. पन्हळ गळतेय का? विटांमधल्या दरजा चुन्याऐवजी सिमेंटने भरल्यात का? हे आधी दुरुस्त करा आणि भिंत पुरती वाळू द्या. नऊ इंची ओली भिंत वाळायला वर्षभरही लागू शकतं.