गिरमिटाची धार आणि पट्टीचा बाक

पाण्याची घनता ४ अंश सेल्सियसच्या आसपास सर्वाधिक असते आणि बर्फ पाण्याहून सुमारे ८ टक्क्यांनी हलका भरतो. त्यामुळे फिनलंड, रशिया किंवा अमेरिकेतील मिनेसोटा येथील तळी हिवाळ्यात वरून गोठतात, खोल तळ्यांच्या तळाशी मात्र ४ अंशांच्या जवळपासचे पाणी द्रवरूपच राहते आणि मासे तेथे संथपणे का होईना, वावरत असतात. बर्फाला भोक पाडून त्यांना गळाला लावण्याची पद्धत या प्रदेशांत रूढ आहे. तिच्यासाठी लागणारे साहित्य मोजकेच, म्हणजे भोक पाडण्याचे गिरमिट, आखूड काठी, तंगुसाचा बारीक दोरा आणि शिशात किंवा टंगस्टनमध्ये बसवलेली गरी. परंतु ते बिघडते उन्हाळी साहित्याहून वेगळ्या कारणांनी. हे बिघाड सरसकट थंडीच्या खात्यावर मांडले जातात. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष असतो तो नको तेथे राहिलेल्या पाण्याचा किंवा चुकलेल्या मापाचा, आणि या दोहोंवरचा इलाज घरी करता येतो.

हातगिरमिटाच्या टोकाशी दोन पाती असतात आणि ती सुताराच्या रंध्याप्रमाणे बर्फाचे पापुद्रे सोलत खाली जातात. गोठणबिंदूच्या जवळ बर्फाची कठिणता मोस श्रेणीवर, म्हणजे कोणता पदार्थ कोणावर ओरखडा काढतो हे सांगणाऱ्या मोजपट्टीवर, जेमतेम १.५ भरते, पोलाद त्याहून कितीतरी कठीण असल्यामुळे निखळ बर्फाने पाते लवकर बोथट होण्याचे कारण नाही. धार जाते ती काठालगतच्या बर्फात अडकलेल्या वाळूमुळे आणि ओले गिरमिट तसेच झाकून ठेवल्याने चढणाऱ्या गंजामुळे. अशी पाती ग्राइंडरवर लावण्याचा मोह घातक ठरतो, कारण कड निळसर झाली म्हणजे तिचे तापमान ३०० अंशांच्या घरात गेलेले असते, पोलादाला दिलेले पाणी तेथे उतरते आणि पुढे धार टिकत नाही. त्यापेक्षा ओल्या दगडावर, मूळ उताराचा कोन न बदलता, दोन्ही पात्यांवर सारखेच हात फिरवणे श्रेयस्कर. याहून सूक्ष्म बाब अशी, की पात्याची मागची कड धारेपेक्षा किंचित वर राहावी लागते. घासण्याच्या भरात खालची बाजू गोलसर झाली, की ही मोकळीक संपते, मागची कड बर्फावर टेकते आणि कितीही तीक्ष्ण पाते जागच्या जागी नुसते फिरत राहते. बोथट म्हणून टाकून दिलेल्या पात्यांपैकी काहींचा खरा दोष एवढाच असतो.

दोऱ्याचे दुखणे सरळ पाण्याचे आहे. नायलॉन थोडे पाणी शोषते. पॉलिएथिलीनच्या तंतूंचा विणलेला दोरा स्वतः ते शोषत नसला, तरी तंतूंमधल्या फटींत पाणी धरून ठेवतो आणि ते काठीच्या कड्यांत गोठते. दोरा गुंडाळण्याच्या रिळातील घट्ट वंगण मात्र थंडीत आणखी घट्ट होते, म्हणून ते पुसून, धुऊन काढून त्याजागी थंडीसाठी बनवलेल्या पातळ संश्लेषित तेलाचे एकदोन थेंब पुरतात.

घरगुती सुधारणेचा सर्वांत देखणा नमुना रशियात आढळतो. थंड पाण्यात माशांचा चयापचय मंदावलेला असल्यामुळे त्यांचे तोंड लावणे हाताला जाणवत नाही, म्हणून काठीच्या टोकाला एक लवचीक पट्टी बसवतात, तिला तेथे किवोक म्हणतात. गरीच्या वजनाने ती वाकलेली राहते. माशाने ओढले की अधिक झुकते आणि त्याने आमिष खालून वर उचलले की सरळ होते, म्हणजे दोरा ढिला पडल्याचीही वर्दी देते. कागदपत्रांच्या प्लॅस्टिक फोल्डरचे आवरण किंवा जुनी एक्स-रे फिल्म कापून ती घरी करतात, आणि येथे गणित कामाला येते. एका टोकाशी घट्ट धरलेल्या पट्टीचा ताठपणा रुंदीच्या सम प्रमाणात, परंतु जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. रुंदी निम्मी केल्यास पट्टी दुपटीनेच मऊ होते, जाडी निम्मी केल्यास आठपटीने. १० सेंटिमीटरची पट्टी १२ सेंटिमीटर केली, तर त्याच वजनाला ती जवळजवळ पाऊणपट अधिक झुकते. म्हणूनच कात्रीने कडा छाटत बसण्यापेक्षा बारीक पॉलिशपेपरने पृष्ठभाग घासणे, किंवा पट्टी पकडीतून मागेपुढे सरकवून मोकळी लांबी बदलणे, कितीतरी परिणामकारक ठरते. सर्वत्र सारख्या रुंदीची पट्टी मुळाशीच जास्त वाकते, कारण वाकवणारा जोर तेथे सर्वाधिक असतो. टोकाकडे सरळ रेषेत निमुळती होत जाणारी पट्टी मात्र संपूर्ण लांबीभर सारखाच बाक घेते. प्लॅस्टिक थंडीत ताठरते, तेव्हा या पट्टीची पारख उबदार खोलीत न करता बाहेरच्या गारठ्यात करावी.

गरीच्या वजनासाठी घरी शिसे ओतणे सोपे, कारण ते ३२७ अंशांना वितळते. टंगस्टन ३,४०० अंशांच्याही पुढे वितळत असल्याने विकतच घ्यावे लागते. मात्र त्याची घनता शिशाच्या सुमारे १.७ पट असल्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लहान होते आणि लवकर खाली जाते. शिवाय शिशाची वजने गिळून लून नावाचे पाणपक्षी मरतात, म्हणून न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांनी लहान शिशाच्या वजनांवर बंदी घातली आहे. तेव्हा शिसे ओतण्याचा खटाटोप आता सोडूनच द्यावा.

गिरमिटाला जोडण्याच्या ड्रिलची किंवा ध्वनिलहरींनी मासे दाखवणाऱ्या यंत्राची लिथियम बॅटरी थंडीत लवकर उतरते, ते तात्पुरते. परंतु शून्य अंशांखाली ती भारित केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचते आणि हे नुकसान भरून येत नाही. बॅटरी घरात आणून, खोलीच्या तापमानाला आल्यावरच चार्जिंगला लावावी.

तंबूत ऊब देणाऱ्या गॅसच्या शेगडीला मात्र घरगुती दुरुस्तीतून वगळावे. ब्यूटेन शून्य अंशांच्या किंचित खालीच वायुरूप होणे थांबवतो आणि प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होत राहतो, त्यामुळे कडाक्यात न पेटणारी शेगडी बिघडलेलीच असते असे नाही. आधी गॅस कोणता आहे ते पाहावे. बर्नर किंवा रेग्युलेटर उघडून केलेल्या फेरफाराने ज्वलन अपुरे झाले, तर रंग आणि वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड तंबूत साचतो. सदोष शेगडी बदलून नवी घ्यावी, तंबूतील हवेचे झरोके उघडे ठेवावेत आणि या वायूची सूचना देणारा अलार्म सोबत असल्याशिवाय ती पेटवू नये.