घरगुती संगीत सर्व्हर

घरगुती संगीत सर्व्हर म्हणजे ध्वनिफायलींचा संग्रह एका ठिकाणी साठवून तो घरातील जाळ्यावरील इतर उपकरणांना मागणीनुसार पुरवणारा संगणक होय. हे काम करणाऱ्या आज्ञावलीलाही संगीत सर्व्हर असेच म्हणतात. स्ट्रीमिंग सेवांवरील गाणी हक्कांचा करार संपल्यावर काढून घेतली जाऊ शकतात. घरच्या सर्व्हरवरील संग्रह मात्र मालकाच्या ताब्यात राहतो आणि तो ऐकण्यासाठी इंटरनेट जोडणी लागत नाही.

इतिहास

स्लिम डिव्हायसेस या अमेरिकन कंपनीने २००१ मध्ये जाळ्यावरून संगीत वाजवणारे उपकरण बाजारात आणले. त्यासाठीची सर्व्हर आज्ञावली पर्ल भाषेत लिहिलेली व मुक्तस्रोत होती. २००३ मध्ये कंपनीचे 'स्क्वीझबॉक्स' हे उपकरण आले. २००६ मध्ये लॉजिटेकने ही कंपनी विकत घेतली आणि २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स मालिका बंद केली. २०२४ मध्ये तिची ऑनलाइन सेवाही थांबली. तरीही सर्व्हरचा स्रोत खुला असल्यामुळे स्वयंसेवकांनी त्याचा विकास चालू ठेवला. आता ती आज्ञावली 'लिरियन म्युझिक सर्व्हर' या नावाने उपलब्ध असून जुनी उपकरणे तिच्या आधारे आजही चालतात. म्युझिक प्लेयर डीमन, नॅव्हिड्रोम आणि जेलिफिन या इतर मुक्तस्रोत आज्ञावल्याही प्रचलित आहेत.

रचना

या व्यवस्थेचे तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे सर्व्हर. त्यासाठी जुना संगणक, रास्पबेरी पायसारखा लहान संगणक किंवा जाळ्याला जोडलेले साठवण उपकरण पुरते. दुसरा भाग म्हणजे वादक, अर्थात ध्वनिवर्धकाला जोडलेले व प्रत्यक्ष आवाज निर्माण करणारे उपकरण. तिसरा भाग नियंत्रकाचा असतो आणि हे काम बहुधा मोबाइल फोन किंवा ब्राउझर करतो. लिरियनसारख्या रचनेत संगीत सर्व्हरकडून थेट वादकाकडे जाते. त्यामुळे वादन सुरू झाल्यावर फोन बंद केला तरी गाणे चालू राहते.

स्थापना

आज्ञावली बसवल्यानंतर तिला संगीताच्या फोल्डरचा मार्ग सांगावा लागतो. त्यानंतर ती सर्व फायली तपासून सूची तयार करते. राउटर उपकरणांना दिलेले पत्ते बदलू शकतो. सर्व्हरचा पत्ता बदलल्यास फोन व वादकांना तो सापडत नाही. म्हणून राउटरमध्ये सर्व्हरसाठी एक पत्ता राखून ठेवतात. ब्राउझरमध्ये हा पत्ता व पोर्ट क्रमांक दिल्यावर नियंत्रण पृष्ठ उघडते. लिरियनचा पूर्वनिर्धारित पोर्ट ९०००, जेलिफिनचा ८०९६ आणि नॅव्हिड्रोमचा ४५३३ आहे.

सर्व्हर चालू असूनही तो न दिसण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे फोन पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर असणे. असे जाळे मुख्य जाळ्यापासून मुद्दाम अलग ठेवलेले असते.

फाइल प्रकार आणि साठवण

सीडीवरील ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा असून वाहिन्या दोन असतात. त्यामुळे एका तासाच्या असंकुचित ध्वनीला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला फ्लॅक हा प्रकार कोणतीही माहिती न गमावता ही जागा साधारणपणे निम्म्यावर आणतो. ३२० किलोबिट प्रतिसेकंद दराच्या एमपी३ फायलीला तासाला १४४ मेगाबाइट पुरतात, परंतु तिच्यातून वगळलेला ध्वनी पुन्हा मिळवता येत नाही. म्हणून मूळ संग्रह फ्लॅकमध्ये ठेवून गरजेप्रमाणे एमपी३ प्रती काढणे श्रेयस्कर मानले जाते.

कॅसेट व तबकड्यांचे अंकीकरण सामान्यतः त्या वाजवूनच करावे लागते. ६० मिनिटांच्या कॅसेटला किमान ६० मिनिटे लागतात.

सूचीकरण

सर्व्हर बहुधा फायलींच्या नावांवर नव्हे, तर फायलींमध्ये नोंदवलेल्या माहितीवर, म्हणजे टॅगवर, अवलंबून असतो. 'भीमसेन जोशी' आणि 'पं. भीमसेन जोशी' अशा दोन नोंदी असल्यास सूचीत दोन स्वतंत्र कलाकार दिसतात. देवनागरी व रोमन लिपींतील नोंदींची सरमिसळ झाल्यासही हेच घडते. गायक, अल्बम व गीत ही टॅगची नेहमीची चौकट हिंदुस्थानी संगीताला अपुरी पडते, कारण तेथे श्रोता राग, ताल किंवा घराणे यांवरूनही शोध घेतो. फ्लॅक फायलींमध्ये अशा माहितीसाठी स्वतंत्र टॅग जोडता येतात, मात्र ते दाखवण्याची सोय प्रत्येक आज्ञावलीत नसते. विलंबित व द्रुत ख्याल वेगळ्या फायलींत असल्यास दोहोंमध्ये खंड न पडता वादन होणे महत्त्वाचे ठरते.

सुरक्षितता

घराबाहेरून संगीत ऐकण्यासाठी राउटरचा पोर्ट उघडल्यास सर्व्हर साऱ्या इंटरनेटला दिसू लागतो. त्याऐवजी वायरगार्डसारखे खासगी आभासी जाळे वापरणे अधिक सुरक्षित असते.

दोन डिस्कांवर एकाच वेळी लेखन करणारी रेड व्यवस्था एक डिस्क बिघडल्यास उपयोगी पडते, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून नाहीशी होते. त्यामुळे ती राखीव प्रतीची जागा घेऊ शकत नाही. बाजारातील सीडी पुन्हा मिळू शकते. घरगुती मैफलीचे किंवा दिवंगत नातलगाच्या आवाजाचे एकमेव ध्वनिमुद्रण मात्र पुन्हा मिळत नाही. अशा फायलींची एक प्रत घराबाहेर ठेवणे आवश्यक ठरते.

कायदेशीर बाजू

भारताच्या प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी कृतीच्या उचित वापराला मुभा देते. ही मुभा संग्रह इतरांना वितरित करण्यास किंवा सार्वजनिक ठिकाणी वाजवण्यास लागू होत नाही.