कुलूप लावल्यानंतरचा पहिला अर्धा तास

भारतातल्या घरात पाळलेला कुत्रा सहसा एकटा पडत नाही. आजी-आजोबा, कामाच्या मावशी, शेजारची मुलं, कुणी ना कुणी असतंच. डब्लिन किंवा कॉर्कमधल्या आपल्या घरांत मात्र दोघंही सकाळी ऑफिसला जातात, मुलं शाळेत जातात आणि कुत्रा संध्याकाळपर्यंत एकटाच राहतो. त्यामुळे कुत्रा आणायचा विचार सुरू झाला की पहिला प्रश्न येतो: त्याला किती तास एकटं ठेवलं तर चालेल?

खरं तर हे दोन प्रश्न आहेत. एक शरीराचा, दुसरा मनाचा. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

शरीराचं घड्याळ

स्वीडनमध्ये घरातल्या कुत्र्याला दिवसा किमान दर सहा तासांनी बाहेर न्यावं, असा नियम आहे. 'डॉग्ज ट्रस्ट' ही संस्था मोठ्या कुत्र्यासाठी साधारण चार तासांची मर्यादा सुचवते. आयर्लंडच्या 2013 च्या प्राणी आरोग्य व कल्याण कायद्यात तासांचा आकडा नाही, पण प्राण्याच्या शारीरिक आणि वर्तनविषयक गरजा लक्षात घेऊन त्याची काळजी घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. पिल्लाला तर याहून कितीतरी लवकर बाहेर न्यावं लागतं. म्हणजे आठ तासांची नोकरी आणि येण्याजाण्याचा वेळ धरला, तर दुपारी कुणीतरी येणं गरजेचं आहे. इथे पैसे घेऊन कुत्रा फिरवणारे आणि कुत्र्यांची पाळणाघरं, दोन्ही मिळतात.

मनाचं घड्याळ

लहान मूल आईला किती घट्ट धरून असतं, हे तपासण्याची मानसशास्त्रात एक प्रसिद्ध चाचणी आहे. अनोळखी खोलीत आई बाहेर जाते, परत येते आणि मूल काय करतं ते पाहतात. 1998 मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी हीच चाचणी कुत्र्यांवर केली. मालकाशी कुत्र्यांचं वागणं मुलाच्या आईशी असलेल्या वागण्यासारखंच निघालं. मालक गेल्यावर अस्वस्थ होणारा कुत्रा 'नाटकं' करत नसतो, ते यामुळेच.

2011 मध्ये स्वीडनमध्ये 12 कुत्र्यांना कधी अर्धा तास, कधी दोन, कधी चार तास घरी एकटं ठेवलं गेलं. दोन तासांनी मालक परतल्यावर त्यांनी केलेलं स्वागत अर्ध्या तासानंतरच्या स्वागतापेक्षा जास्त उत्कट होतं. दोन आणि चार तासांत मात्र तसा फरक दिसला नाही. हे एकटं राहण्याचा त्रास नसलेले कुत्रे होते. ज्यांना त्रास होतो, त्यांची घालमेल बहुधा दार बंद झाल्यावर काही मिनिटांतच सुरू होते. अशा कुत्र्याचे आठ तास कमी करून चार केले, तरी मूळ दुखणं तसंच राहतं.

आधी बघा, मग उपाय करा

जुना मोबाईल कॅमेरा म्हणून लावा आणि पहिल्या अर्ध्या तासाचं चित्रण पाहा. कुत्रा थोडा फिरून झोपला तर काळजी नको. सतत येरझाऱ्या, धापा, लाळ, दार खरवडणं, किंवा आवडता खाऊ समोर असून न खाणं, ही भीतीची लक्षणं आहेत.

कारणही शोधावं लागतं. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात 2,700 हून अधिक कुत्र्यांच्या माहितीवरून या त्रासाचे चार प्रकार दिसले: घरातल्या कशापासून तरी पळायचंय, बाहेरच्या कशाकडे तरी जायचंय, बाहेरच्या आवाजांनी बिथरणं आणि चक्क कंटाळा. कंटाळ्याला खाऊ भरलेलं खेळणं पुरतं. आवाजाने बिथरणाऱ्याला रस्त्याकडच्या खिडकीपासून दूर ठेवावं.

विरहाच्या भीतीवर मात्र सवय हाच उपाय. चावी उचला, कोट घाला आणि पुन्हा सोफ्यावर बसा. मग दाराबाहेर पाच सेकंद, अर्धा मिनिट, दोन मिनिटं. कुत्रा घाबरायच्या आत परत यायचं, आणि तो शांत राहिला तरच वेळ वाढवायचा. याला काही आठवडे लागतात. तेवढे दिवस त्याला शक्यतो पूर्ण वेळ एकटं सोडू नये. त्रास तीव्र असेल तर पशुवैद्याला भेटा. या विकारासाठी मान्यताप्राप्त औषधं आहेत, पण ती प्रशिक्षणाच्या जोडीनेच द्यायची असतात.

घरी आल्यावर फाटलेली उशी दिसली तरी ओरडू नका. त्याचा तो 'अपराधी' चेहरा फसवा असतो. अलेक्झांड्रा होरोवित्झ यांच्या 2009 च्या प्रयोगात तो चेहरा कुत्र्याच्या चुकीवर नव्हे, तर मालकाच्या रागावण्यावर अवलंबून होता.

शेजारी आणि ऑफिस

भिंतीला भिंत लागून असलेल्या इथल्या घरांत भुंकणं लपत नाही. 1986 च्या कुत्रे नियंत्रण कायद्यानुसार सततच्या भुंकण्याबद्दल शेजारी जिल्हा न्यायालयात जाऊ शकतो, आणि न्यायालय कुत्रा डॉग वॉर्डनच्या ताब्यात द्यायचा आदेशही देऊ शकतं. म्हणून प्रशिक्षण सुरू करताना शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

घरून काम मागण्याचा हक्कही लक्षात ठेवा. मार्च 2024 पासून इथला प्रत्येक कर्मचारी तशी विनंती करू शकतो. कंपनीने ती मान्य करायलाच हवी असं नाही, पण विचार करून उत्तर देणं तिला बंधनकारक आहे. आठवड्यातून दोन दिवस मिळाले तरी दुपारच्या फेरीचा प्रश्न तेवढा हलका होतो. मात्र घरून काम करतानाही कुत्र्याला रोज थोडा वेळ दुसऱ्या खोलीत एकटं राहू द्या. सतत सोबत मिळालेल्या कुत्र्याला पुन्हा ऑफिस सुरू झाल्याचा पहिला दिवस सगळ्यात जड जातो.