कात्रणांच्या वहीत नसलेलं पान

गेल्या रामनवमीला नातीला घेऊन पोहरादेवीला गेलो होतो. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं हे गाव एरवी कुठल्याही वऱ्हाडी गावासारखंच. उन्हानं भेगाळलेली काळी जमीन, बांधावर पळस, पाराखाली दोन-चार म्हातारे. पण रामनवमी आली की गाव ओळखू येत नाही. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला महाराष्ट्रातले, कर्नाटकातले, आंध्र-तेलंगणातले बंजारा लोक इथं उतरतात. ट्रक, टेम्पो, जीपगाड्या, पांढरे झेंडे आणि मध्ये मध्ये नंगाऱ्याचा आवाज. आमच्या लोकांची ही काशी.

दर्शनाच्या रांगेत आमच्या पुढे कर्नाटकातले एक गृहस्थ होते, मागे तेलंगणातलं एक जोडपं. दहा मिनिटांत आमच्या गप्पा जमल्या. गोरबोलीत, अर्थातच. गोत्र विचारून झालं, कोणाची लेक कुठल्या तांड्यात दिली तेही झालं. मग कळलं की सरकारी कागदावर आम्ही तिघं तीन वेगवेगळ्या घरचे आहोत. कर्नाटकातले गृहस्थ अनुसूचित जातीत, तेलंगणातलं जोडपं अनुसूचित जमातीत आणि मी महाराष्ट्रातला विमुक्त जातीत. तिघांचे पूर्वज एकाच तांड्यामागून चालले असतील. राज्यांच्या सीमा मधून गेल्या आणि आमचे तीन प्रकार झाले. आम्ही हसलो. नात मात्र हसली नाही. ती पुण्यात वाढलेली, नववीत शिकणारी मुलगी. तिला आमच्या बोलण्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं.

"आजोबा," ती म्हणाली, "हे सगळे एकमेकांशी बोलतायत. तुम्ही ही भाषा बाबांना का नाही शिकवली?"

तेहतीस वर्षं मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. विद्यार्थ्यांच्या अवघड प्रश्नांना उत्तरं देण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. या प्रश्नाला मात्र मला उत्तर सुचलं नाही. घरी परतल्यावर मी माझी कात्रणांची वही काढली. एक नव्हे, अकरा वह्या. उत्तर असलंच तर तिथं सापडेल, असं उगीच वाटलं.

पहिली वही १९६९ सालची. आमच्या तांड्यावर नायकांकडे एक ट्रान्झिस्टर होता. माणूस चंद्रावर उतरला ही बातमी तांड्यानं त्यावरच ऐकली. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला वर्तमानपत्राचं पान दिलं. मी चित्र कापलं, पण चिकटवायचं कशानं? माझ्या आईनं, याडीनं, चुलीवर चिमूटभर कणकेची खळ शिजवून दिली. तिला अक्षर येत नव्हतं. चित्राकडे बराच वेळ पाहून तिनं विचारलं, "तिथं पाणी आहे का?" मी नाही म्हणालो. "मग तांडा टाकायला गेले कशाला?" एवढं बोलून ती कामाला लागली.

तेव्हापासून मला जगाच्या बातम्या जमवण्याचा नाद लागला. बांगलादेशचं युद्ध, व्हिएतनाम, नेल्सन मंडेला तुरुंगाबाहेर आले तो दिवस, बर्लिनची भिंत. वाचलेल्या पुस्तकांवरची टिपणंही त्यातच. प्रत्येक पान याडीच्या खळीनं चिकटवलेलं. फक्त १९७२-७३ ची पानं वेगळी आहेत. त्यांवर बाभळीच्या काट्यांची भोकं आहेत. त्या वर्षी मी खळ मागितली तेव्हा याडी पहिल्यांदा माझ्यावर ओरडली होती. पीठ खायला नव्हतं, तर चिकटवायला कुठून येणार?

तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. तांडाच्या तांडा खडी फोडायला जात होता. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची. पुढे कॉलेजात गेल्यावर वाचनात आलं, की त्याच १९७२ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत रशियानं अमेरिकेकडून धान्याचे प्रचंड सौदे केले आणि जगभर धान्याचे भाव भडकले. म्हणजे मॉस्को आणि वॉशिंग्टनमध्ये ठरत होतं ते आमच्या चुलीपर्यंत पोहोचत होतं. आम्हाला तेवढं ठाऊक नव्हतं. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, इथून जवळच्याच, पुसदकडच्या गहुलीचे. आमच्यातलाच माणूस राज्याच्या सर्वांत मोठ्या खुर्चीवर आणि आम्ही रस्त्यावर खडी फोडत. याडीला या दोन्ही गोष्टींचा अभिमान होता. रस्ता पुरा झाल्यावर ती म्हणाली होती, "एवढा चांगला रस्ता पूर्वी असता तर बैलांचे खूर वाचले असते."

बैलांचे खूर म्हणजे काय, ते मला नीट कळलं ताव्हेर्निए वाचल्यावर. हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात हिंदुस्थानात अनेकदा येऊन गेला. त्याचं प्रवासवर्णन १६७६ मध्ये प्रसिद्ध झालं. कॉलेजच्या ग्रंथालयात त्याचा इंग्रजी अनुवाद हाती आला तेव्हा मी इतिहासाच्या परीक्षेपुरतंच वाचणार होतो. पण एका पानावर अडकलो. दहा-बारा हजार बैलांचे तांडे त्यानं डोळ्यांनी पाहिले होते. कोणी तांदूळ वाहणारे, कोणी धान्य, कोणी डाळी, कोणी मीठ. प्रत्येकाचा नायक राजासारखा थाटात चालणारा, गळ्यात मोत्यांचा सर. दोन तांडे अरुंद वाटेवर समोरासमोर आले की वाट कोणी द्यायची यावरून रक्त सांडे. शेवटी मोगल बादशहानं दोन नायकांना बोलावून समजूत घातली आणि दोघांना सारखेच पैसे आणि मोत्यांचा सर देऊन परत पाठवलं, असं तो लिहितो. ज्यांच्या वाटेवरून बादशहालाही काळजी करावी लागे, ते हे माझे लोक! शाळेच्या पुस्तकात ते कुठेच नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी शोधत गेलो, की ती लदेणी, तो बैलांवरचा व्यापार, गेला कुठे. उत्तर पुन्हा लांबच्या जगातच होतं. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापूस मुंबईच्या बंदरात लवकर पोहोचावा म्हणून रेल्वेची घाई झाली. १८६७ मध्ये गाडी नागपूरपर्यंत गेली. आगगाडीपुढे बैल किती टिकणार? मिठावर सरकारचा कर, जंगलावर सरकारचा कायदा. पिढ्यान् पिढ्या चालणारी माणसं थांबली आणि थांबलेल्या माणसांकडे सरकार संशयानं पाहू लागलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आमच्याही काही गटांची नावं चढली. ठाण्यावर हजेरी, नावांची नोंदवही. तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावं लागलं. स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं.

हे सारं मी वहीत लिहून ठेवलं. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' वाचलं, लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचलं आणि आत्माराम राठोड यांचं 'तांडा' हाती आलं तेव्हा तर आपलंच घर कोणी छापून काढल्यासारखं वाटलं. प्रत्येकावर पानं पानं भरून टिपणं आहेत.

नव्वदच्या दशकाअखेरीस एका मित्रानं इझाबेल फोन्सेका यांचं 'बरी मी स्टँडिंग' हे १९९५ सालचं पुस्तक दिलं. पूर्व युरोपातल्या रोमा लोकांवरचं. ज्यांना आपण जिप्सी म्हणतो, ते हे लोक. त्यांची भाषा मुळात हिंदुस्थानातली, हे भाषाशास्त्रज्ञांनी केव्हाच दाखवून दिलं आहे. ते आणि आम्ही एकाच आईची लेकरं, असं आमच्याकडे भाषणांत नेहमी सांगतात. मीही उत्साहानं याडीसमोर बसलो आणि त्यांचे शब्द वाचून दाखवले. पाण्याला पानी, नाकाला नाख, कानाला कान, केसांना बाल. याडी शांतपणे म्हणाली, "बेटा, नाक-कान तर गावातल्या पाटलालाही आहेत." माझा उत्साह जागच्या जागी बसला. ती बरोबर होती. एवढ्या शब्दांवरून नातं जुळवायचं तर अर्धा हिंदुस्थान त्या नात्यात येईल.

पण पुढचं ऐकून ती गप्प झाली. हिटलरच्या राज्यात या लोकांचं काय झालं ते मी तिला सांगितलं. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्वित्झच्या छावणीतला जिप्सींचा भाग रिकामा केला गेला. चार हजारांवर माणसं, त्यांत बायका, मुलं, म्हातारे, एका रात्रीत गॅसच्या कोठड्यांत मारली गेली. हा वंशसंहार होता, हे जर्मन सरकारनं अधिकृतपणे मान्य करायला १९८२ साल यावं लागलं.

याडीनं बऱ्याच वेळानं विचारलं, "त्यांची नावं कोणी लिहून ठेवली का?"

पुढे एका लेखात त्याचं उत्तर मिळालं. छावणीतल्या काही पोलिश कैद्यांनी त्या भागाची नोंदवही चोरून एका बादलीत घातली आणि जमिनीत पुरली. १९४९ मध्ये ती उकरून काढली. पानं भिजली होती, पण वीस हजारांवर नावं त्यात होती. मारणाऱ्यांनी केलेली नोंद, आणि तीच शेवटी मेलेल्यांची साक्ष झाली. मी कात्रण घेऊन तांड्यावर गेलो, तेव्हा याडी जाऊन महिना झाला होता. २००३ सालची ही गोष्ट. ते कात्रण मी बाजारातल्या गोंदानं चिकटवलं.

गेल्या रामनवमीनंतर या अकराही वह्या मी पानन् पान चाळल्या. चंद्रापासून मंडेलांपर्यंत सगळे आहेत. २०२० च्या टाळेबंदीत ऊसतोडीच्या फडावर अडकलेल्या मजुरांची बातमी आहे. त्यांत आमच्या भागातली पोरं होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात रामराव महाराज गेले, त्याचंही कात्रण आहे. नाही ती एकच गोष्ट. याडी गायची ते काहीच नाही. होळीच्या लेंगी नाहीत, तीजेची गाणी नाहीत. लग्नात नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून जो ढावलो म्हणते, त्यातला एक शब्द नाही. मारेकऱ्यांची वहीसुद्धा जपायला हवी हे मला कळलं होतं. माझ्या आईची वही मी केलीच नाही.

का केली नाही? खरं सांगायचं तर लाज वाटत होती. शाळेत गोरबोलीतला शब्द तोंडून गेला की पोरं हसायची. मास्तर झाल्यावर मी ठरवलं, की माझ्या मुलाला कोणी हसणार नाही. घरात फक्त मराठी. याडी आली की तीही मोडकं मराठी बोलायची, नातवासाठी. त्या मोडक्या मराठीत ती गाऊ शकत नव्हती. माझ्या घरात माझी आई मुकी झाली आणि मी त्याला प्रगती समजत होतो.

या भाषेची स्वतःची लिपी नाही. इकडे ती देवनागरीत लिहितात, तिकडे तेलुगू किंवा कन्नडमध्ये. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी सांगणारे बत्तीस लाखांवर आणि बंजारी सांगणारे पंधरा लाखांवर लोक निघाले. त्या सगळ्यांची बेरीज हिंदीच्या खात्यात केली गेली. याबद्दल मी सभांतून तावातावानं बोललो आहे. पण माझ्या घरात ती भाषा हिंदीच्या नाही, मराठीच्या खात्यात गेली आणि ती बेरीज दिल्लीतल्या कोणी केली नव्हती.

पोहरादेवीला आता नंगाऱ्याच्या आकाराचं मोठं संग्रहालय झालं आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. चांगली गोष्ट झाली. वस्तू जपायला काच लागते, इमारत लागते. गाणं जपायला मात्र गाणारं माणूस लागतं आणि त्याच्यासमोर कोणीतरी बसावं लागतं.

याडीची धाकटी बहीण अजून आहे. ऐंशी ओलांडलेली, दिसत कमी, आवाज मात्र खणखणीत. नातीला आणि नवी कोरी वही घेऊन मी तिच्या तांड्यावर गेलो. म्हटलं, मासी, ढावलो सांग, लिहून घेतो. ती हसत सुटली. "आत्ता आठवण झाली का?" मग म्हणाली, "ढावलो बसून सांगत नाहीत. लेक निघावी लागते."

नात काय समजायचं ते समजली. उठली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. मासीनं तिच्या गळ्यात हात टाकले, कपाळ तिच्या खांद्यावर टेकलं आणि गायला सुरुवात केली. तोच स्वर. बावीस वर्षांनी मी तो ऐकत होतो. माझं पेन हातात तसंच राहिलं. शब्द एकही उतरला नाही.

संध्याकाळी नातीनं वही मागून घेतली. मासीच्या शेजारी बसून एकेक ओळ पुन्हा म्हणवून घेत तिनं देवनागरीत लिहिली, न कळलेल्या शब्दांखाली रेघा मारल्या. एका ओळीला अठ्ठावीस रेघा झाल्या म्हणून मासी तिच्यावर खेकसलीसुद्धा. पानाच्या वर नातीनं तारीख घातली आणि गाणारीचं पूर्ण नाव लिहिलं.

रेघा मारलेल्या शब्दांतले तीन मलाही आले नाहीत. श्रावणात तीजेला आम्ही पुन्हा जाणार आहोत.