कडेच्या खुर्चीसाठी टीव्ही

मोशी, चिखली, रावेत, पिंपळे सौदागर. इथल्या सोसायट्यांतला टू-बीएचकेचा हॉल बहुधा एकाच साच्यातला असतो. रुंदी दहा-साडेदहा फूट, लांबी पंधरा-सोळा फूट. लांब भिंतीवर टीव्ही, समोर थ्री-सीटर सोफा, बाजूला सिंगल सीटर किंवा दिवाण, पलीकडे डायनिंग टेबल आणि त्याला लागून किचन. सोफ्याच्या मधोमध बसणारा माणूस एकच. फर्स्ट शिफ्ट संपवून चाकणहून कंपनीच्या बसने आलेला दिवाणावर आडवा होतो, आजी खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, आई डायनिंग टेबलाशी भाजी निवडत मालिका बघते. घरातले बहुतेक जण टीव्ही तिरकसच बघतात, पण दुकानात तो पसंत केला जातो अगदी समोर उभं राहून. मग आजी म्हणते, "चेहरे पांढरट दिसतात गं," आणि सगळे तिच्या चष्म्याला दोष देतात. दोष चष्म्याचा नसतो, पॅनेलचा असतो. तो आधीच ओळखता यावा, म्हणून हे काही गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज : टीव्ही कुठूनही बघा, सारखाच दिसतो.

वस्तुस्थिती : हा समज जुन्या टीव्हीने दिला आणि त्या काळी तो खराच होता. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं, 1973 मध्ये सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्याच्या परिसरात दिसू लागलं. लाकडी शटरच्या त्या टीव्हीसमोर शेजारपाजारची पंचवीस माणसं बसत आणि दाराच्या चौकटीत उभ्या असलेल्यालाही चित्र नीट दिसे. त्या पडद्याच्या आतून फॉस्फरचा लेप असे. इलेक्ट्रॉनचा झोत आदळला की लेप स्वतः उजळायचा आणि प्रकाश सगळीकडे पसरायचा.

आजचे बहुतेक टीव्ही एलसीडी आहेत. 'एलईडी टीव्ही' म्हणून विकला जाणाराही एलसीडीच. एलईडी हे फक्त मागचे दिवे. त्या दिव्यांचा प्रकाश द्रवरूप स्फटिकांच्या थरातून गाळून पुढे येतो. सरळ येणारा प्रकाश आणि तिरका येणारा प्रकाश या थरातून सारखा गाळला जात नाही. कडेने रंग फिके का पडतात, याचं मूळ इथे आहे.

गैरसमज : खोक्यावर 178 अंश लिहिलंय, मग काळजी कसली?

वस्तुस्थिती : हा आकडा खोटा नसतो, पण त्याची कसोटी फार सैल असते. पांढरा भाग काळ्यापेक्षा निदान दहा पट उजळ दिसतो तोपर्यंतचा कोन मोजायचा, अशी ती रूढ कसोटी आहे. समोरून हेच प्रमाण हजार पट, तीन हजार पट, कधी त्याहूनही जास्त असतं. म्हणजे 178 अंशांच्या टोकाला चित्र 'ओळखू येतं', एवढंच तो आकडा सांगतो. काळा रंग राखाडी झाला का, चेहऱ्याचा सावळेपणा धुऊन गेला का, हे तो सांगत नाही. म्हणूनच कडेने छान दिसणाऱ्या आणि कडेने फिक्या पडणाऱ्या, दोन्ही पॅनेलवर हा एकच आकडा छापलेला सापडतो. ड्रॉइंगवर टॉलरन्सच ढिला ठेवला तर प्रत्येक जॉब पास होणार, तसं हे आहे.

गैरसमज : क्यूएलईडी आणि ओएलईडी म्हणजे जवळपास एकच.

वस्तुस्थिती : नावात एका अक्षराचा फरक, रचनेत मात्र जमीन-अस्मानाचा. क्यूएलईडी हा एलसीडीच. मागच्या प्रकाशाचे रंग शुद्ध करणारा क्वांटम डॉटचा थर त्यात जास्तीचा असतो. कोन रुंदावणं हे त्या थराचं काम नाही. ओएलईडीत मागे दिवाच नसतो, प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, त्या जुन्या फॉस्फरसारखा. त्यामुळे कडेनेही काळा काळाच राहतो. फार तिरक्या कोनातून काही ओएलईडींवर हलकी निळसर किंवा गुलाबी झाक येते, पण चित्र पांढुरकं होत नाही.

मिनी एलईडीबद्दलही हेच. तिथे मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, पुढचं पॅनेल एलसीडीचंच राहतं. काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती पसरणारं प्रकाशाचं वलय तर कडेने जास्तच जाणवतं. फोर-के आणि 120 हर्ट्झ यांचा कोनाशी संबंध नाही. एक चित्राचा बारकावा सांगतो, दुसरा हालचालीची सफाई.

गैरसमज : एलसीडी सगळे सारखेच.

वस्तुस्थिती : टीव्हीत मुख्यतः दोन जाती आहेत, व्हीए आणि आयपीएस. त्यांच्यातला फरक कळायला पेटीत उभ्या रचलेल्या डॉवेल पिना डोळ्यांसमोर आणा. समोरून फक्त गोल टोकं दिसतात. जरा बाजूला सरका, पिनांची लांबी दिसू लागते. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग दाखवताना स्फटिकांचे रेणू असेच उभे असतात. म्हणून समोरून काळा गडद दिसतो आणि बाजूला सरकलं की प्रकाश झिरपू लागतो. आयपीएसमध्ये रेणू काचेला समांतर आडवे असतात आणि होकायंत्राच्या सुईसारखे त्याच पातळीत फिरतात. त्यामुळे कडेने रंग फारसे बदलत नाहीत. हिताचीने 1996 मध्ये बाजारात आणलेलं हे तंत्र आज एडीएससारख्या भावंडांच्या रूपातही मिळतं.

म्हणून आयपीएस नेहमीच सरस, असंही नाही. त्याचं काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण साधारण 1000 ला 1 असतं, व्हीएचं 3000 ला 1 किंवा त्याहून जास्त. सेकंड शिफ्टहून आल्यावर रात्री दिवे घालवून एकट्याने सिनेमा बघणाऱ्याला आयपीएसचा काळा राखाडी वाटेल. दिवसा खिडक्या उघड्या असलेल्या, माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये ती उणीव फारशी जाणवत नाही. तिथे आयपीएसच उपयोगी पडतो. काही महागड्या व्हीए टीव्हींवर कोन रुंदावणारा जादा थर असतो. त्याने कडेचं चित्र सुधारतं, मात्र समोरचा गडदपणा थोडा कमी होतो.

गैरसमज : शेजाऱ्यांकडे हेच मॉडेल आहे, छान दिसतं, आपणही तेच घेऊ.

वस्तुस्थिती : या कारखान्यांच्या पट्ट्यात काम करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एकाच पार्टला दोन-दोन व्हेंडर असतात. टीव्हीची जुळणी इथे पुणे जिल्ह्यातही होते, रांजणगावच्या एमआयडीसीत. पण पॅनेल बाहेरून येतं आणि एकाहून अधिक पुरवठादारांकडून येऊ शकतं. म्हणून एकाच मॉडेलच्या 43 इंचीत एका जातीचं पॅनेल आणि 55 इंचीत दुसऱ्या जातीचं, असं होतं. शेजाऱ्यांचा अनुभव धरा, पण त्याच मापाचा धरा.

गैरसमज : कोन म्हणजे फक्त डावी-उजवी बाजू.

वस्तुस्थिती : वर-खालीही कोन असतो. खाली शोकेस हवी म्हणून टीव्ही उंच टांगला आणि त्याचा मध्य जमिनीपासून साडेपाच फुटांवर गेला, असं समजा. चटईवर बसलेल्या मुलाचे डोळे अडीच फुटांवर. सात फूट अंतरावरून तो तेवीस अंश खालून बघतो. म्हणजे मधोमध बसूनही तो कडेलाच बसला आहे. टीव्ही खाली घ्या. ते जमत नसेल तर पुढे झुकणारं ब्रॅकेट लावा. सगळी बैठक एकाच बाजूला असेल, तर वळणारं ब्रॅकेट महागड्या पॅनेलचा खर्चही वाचवू शकतं. वक्र पडद्याने मात्र हा प्रश्न सुटत नाही, त्याचा फायदा मधोमध बसणाऱ्यालाच होतो.

आता आपल्या हॉलचं माप घ्या. मेजर टेप पुरेशी आहे. टीव्हीच्या मध्यापासून समोर सरळ रेषेत सात फुटांवर एक खूण करा. त्या खुणेपासून बाजूला अडीच फूट सरकलात की कोन 20 अंशांचा, चार फूट सरकलात की 30, सात फूट सरकलात की 45 आणि बारा फूट सरकलात की 60 अंशांचा. साधा व्हीए साधारण 20 ते 30 अंशांदरम्यान फिका पडू लागतो. सहा फुटी सोफ्याची दोन्ही टोकं मध्यापासून तीन-तीन फुटांवर, म्हणजे 23 अंशांवर. दिवाण आणि डायनिंग टेबल तर त्याच्याही पलीकडे. रोजच्या बैठका 20 अंशांच्या आत असतील तर चांगला व्हीए घ्या, बाहेर असतील तर आयपीएस किंवा ओएलईडी. ओएलईडी घेताना एक लक्षात ठेवा : दिवसभर बातम्यांचं चॅनेल चालू असेल, तर खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो यांची छाप पडद्यावर कायमची उमटण्याचा धोका त्यात असतो.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर घरच्यांचा एखादा फोटो न्या, अंगणातला, साध्या उजेडातला. शोरूमचा भडक मोड बंद करून नेहमीचा मोड लावायला सांगा. फोटो पडद्यावर आला की समोर उभे राहा, मग हळूहळू बाजूला चालत जा, आणि नजर त्या चेहऱ्यावरच ठेवा. तो चेहरा तुमच्या ओळखीचा आहे, त्याचा रंग तुम्हाला ठाऊक आहे. ज्या पावलावर तो पांढुरका होईल, तिथे त्या टीव्हीचा कोन संपला. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघू नका, तो उजेड स्वतःच कमी-जास्त करतो. आणि जमलं तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसणाऱ्या आजीला सोबत न्या. कडेला उभं राहून तिने "नीट दिसतंय" म्हटलं, की मधोमध बसणाऱ्याचा प्रश्न उरतच नाही.