एका सूर्याची दोन पत्रं

बसा रे जवळ सगळे. काल विजयदुर्गावर तुम्ही ‘साहेबाचे कट्टे’ पाहिलेत. हेलियम वायूचा शोध इथंच लागला, असं तिथं कुणीतरी सांगितलं. परतीच्या वाटेवर छोटीनं मला विचारलं, “आजोबा, डोळ्यांना न दिसणारा वायू त्या कट्ट्यावर सापडला कसा?” मी म्हटलं, रात्री सांगतो. तर ऐका. ही गोष्ट आहे दोन पत्रांची.

१८ ऑगस्ट १८६८. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होतं. चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावरून घाट चढून देशावर आली आणि थेट पूर्व किनाऱ्याकडे गेली. त्या वाटेवर ज्योतिर्विद ठिकठिकाणी दुर्बिणी रोखून बसले होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होते. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू. श्रावणातल्या ढगांनी त्यांना फार छळलं, पण ढग फाकले तेवढ्या वेळात त्यांनी काम साधलं. तिकडे आंध्रात गुंटूरला फ्रान्सहून आलेले ज्यूल जान्सेन होते. लहानपणीच्या अपघातामुळे ते एका पायानं अधू होते, तरी एका ग्रहणासाठी हा माणूस अर्धं जग ओलांडून आला होता.

चंद्रानं सूर्य पूर्ण झाकला, की त्याच्या काठावर लालसर ज्वाळा दिसतात. त्या कशाच्या बनल्या आहेत, हेच सगळ्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडला होता. गॅसच्या निळ्या ज्योतीवर मिठाचं पाणी उडालं, की ज्योत पिवळी होते ना? तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्याची अशी रंगांची खूण ठरलेली असते. वर्णपटदर्शकातून ती खूण बारीक रेषांच्या रूपात दिसते. गुंटूरला त्या पाच-सहा मिनिटांच्या अंधारात जान्सेनना लखलखीत रेषा दिसल्या. ज्वाळा तापलेल्या वायूच्या होत्या, आणि त्यात मुख्य होता हायड्रोजन.

रेषा इतक्या तेजस्वी होत्या, की जान्सेनच्या मनात आलं, या पाहायला ग्रहण हवंच कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यंत्र सूर्याच्या काठाशी नेलं. ऊन लख्ख पडलं होतं, आणि रेषा दिसल्या!

कशा दिसल्या? मूठभर रांगोळी अंगणभर उधळा, ती विरळ होते. पण त्याच मुठीत दोन गारगोट्या असतील, तर त्या उधळूनही गारगोट्याच राहतात. सूर्याभोवतीच्या आकाशाचा झगमगाट रांगोळीसारखा. त्यात सगळे रंग असतात, म्हणून यंत्रानं तो पसरला की फिका पडतो. ज्वाळांचा प्रकाश मात्र मोजक्याच रेषांत एकवटलेला. तो पसरत नाही, म्हणून उठून दिसतो.

जान्सेन पुढचे कितीतरी दिवस रोज सूर्य पाहत राहिले, आणि १९ सप्टेंबरला त्यांनी काकीनाड्याहून पॅरिसच्या विज्ञान अकादमीला पत्र लिहिलं. सुएझचा कालवा तेव्हा खुला झाला नव्हता. टपाल आगबोटीनं सुएझपर्यंत, तिथून रेल्वेनं अलेक्झांड्रियाला आणि पुन्हा बोटीनं युरोपात जायचं. पत्राला महिन्यावर दिवस लागले.

आता लंडनला चला. तिथं नॉर्मन लॉकियर युद्धखात्यात कारकुनी करायचे आणि फावल्या वेळात आकाश पाहायचे. ग्रहणाशिवाय ज्वाळा पाहण्याची हीच युक्ती त्यांना दोन वर्षांपूर्वी सुचली होती, पण तेवढं चांगलं यंत्र हाताशी नव्हतं. ते यंत्र आलं ऑक्टोबर १८६८ मध्ये. चारच दिवसांनी, २० ऑक्टोबरला, लॉकियरना त्या रेषा दिसल्या. जान्सेननी काय केलं आहे, याचा त्यांना पत्ताही नव्हता. त्यांनी लगेच पत्र लिहिलं, आणि वॉरन डी ला रू या ज्योतिर्विद स्नेह्यामार्फत ही बातमी पॅरिसला गेली.

सोमवार, २६ ऑक्टोबर. अकादमीची बैठक भरली होती. एक पत्र काकीनाड्याचं, एक लंडनचं. दोन्ही त्याच दिवशी, काही मिनिटांच्या अंतरानं पोहोचली आणि दोन्हींत मजकूर एकच!

आता पहिला कोण? भांडणाला हे निमित्त पुरेसं होतं. पण फे नावाच्या फ्रेंच ज्योतिर्विदानं सुचवलं, की श्रेयाची वाटणी करून ते लहान करण्यापेक्षा मान दोघांनाही पूर्ण द्यावा. १८७२ साली फ्रान्सनं एक पदक पाडलं. त्यावर दोघांचे चेहरे शेजारी शेजारी आहेत.

लॉकियर मात्र एका पिवळ्या रेषेपाशी अडले होते. बहुतेकांना ती सोडियमची वाटली होती. त्यांनी नीट मोजली, तर ती सोडियमच्या जागेपासून थोडी सरकलेली! पृथ्वीवरच्या कुठल्याच माहीत पदार्थाची ती खूण नव्हती. म्हणजे हे नवंच मूलद्रव्य. ग्रीक भाषेत सूर्याला ‘हेलिओस’ म्हणतात, त्यावरून त्याला हेलियम हे नाव मिळालं. अनेकांनी विश्वास ठेवला नाही. मग १८९५ साली विल्यम रॅमझे यांना युरेनियमच्या एका खनिजातून एक वायू मिळाला. त्यांनी तो ओळख पटवायला क्रुक्स आणि लॉकियर यांच्याकडे पाठवला. रेषा तीच निघाली. सत्तावीस वर्षं आपण जो वायू फक्त सूर्यावर पाहत होतो, तो आपल्या पायांखालच्या दगडातही होता.

मग विजयदुर्गाचं काय? १८६८ च्या ग्रहणाला लॉकियर इथं नव्हते, ते इंग्लंडात होते. पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला ते खरोखर विजयदुर्गला आले. तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते, आणि ‘मेलपोमीनी’ या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते. त्याच दिवशी सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला दुर्बीण लावून बसले होते. ज्या सूर्यात लॉकियरनी हेलियम ओळखला, त्याच सूर्याला तीस वर्षांनी ते आपल्या कोकणात भेटायला आले. विजयदुर्गाचा हा मान खराखुरा आहे. त्याला खोट्या दाव्याची गरज नाही.

तेव्हा बाळांनो, पुन्हा त्या कट्ट्यांवर जाल, तेव्हा सोबत्यांना खरी गोष्ट सांगा. आणि आकाशात तुम्हाला काही वेगळं दिसलं, तर तारीख-वेळ घालून त्याच दिवशी वहीत लिहा आणि दुसऱ्याला कळवा. जान्सेन आणि लॉकियर यांनीही आपण पाहिलेलं पत्रानं कळवलंच होतं.