मानेची कैफियत

कुंभकोणमच्या दक्षिणेस साक्कोट्टै हे गाव लागते. हा मुलूख एके काळी तंजावरच्या भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि त्याच घराण्यातील सरफोजी राजांनी (१७९८–१८३२) आपल्या धन्वंतरी महाल या आरोग्यशाळेत नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रे काढवून उपचारांचा जो तपशील लिहवून ठेवला, तो तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या दप्तरात जतन झालेला आहे.

मानेच्या झिजेलाही नोंदींची हीच शिस्त हवी. मानेत मणके सात. त्यांच्यामधल्या चकत्या वयोमानाने शुष्क होतात, कडांना हाडाचे अंकुर फुटतात, आणि शेजारून निघणारी मज्जातंतूची शीर दबली की वेदना हातात उतरते. जन्मभर डोक्यावरून भाताचे भारे वाहिलेला साक्कोट्टैचा शेतकरी ‘हात बधिरतो’ एवढेच सांगेल. डॉक्टरने मात्र बोट कोणते, हे विचारावे, कारण अंगठा बधिर असल्यास बहुधा सहावी शीर, मधले बोट असल्यास सातवी आणि करंगळी असल्यास आठवी संशयास पात्र ठरते. (सात मणक्यांना शिरांच्या जोड्या आठ, हा निसर्गाचा हिशेब प्रथमदर्शनी चुकलेलाच वाटतो!)

केवळ क्ष-किरण चित्रावर विसंबून निदान उरकणे मला गैर वाटते. साठी उलटलेल्या पुष्कळांच्या चित्रात झीज दिसते आणि त्यांची तक्रार काहीच नसते. उलट सदऱ्याची गुंडी लावताना बोटे अडखळू लागली, चाल डगमगू लागली, तर खुद्द मज्जारज्जूच दबत असल्याचा संभव असतो. तेथे एमआरआयला विलंब नको, आणि पकडीचा जोर व प्रतिक्षिप्त क्रिया तारीखवार नोंदलेल्या असल्या, तरच सहा महिन्यांनी तपासणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला रोग पुढे सरकला की थबकला, हे कागदावरून कळते.